शून्याचा दात

“तोंड हाय का दुकानाचं शटर? सकाळपासून उघडं ते उघडंच. माशी गेली आत तर तिची पण नाडी मोजतील.”

मालूताई हे पुटपुटल्या ते कोणाला ऐकू जावं म्हणून नव्हे. पण अविनाशचा कान त्यांच्या ओठांपासून वीतभर अंतरावर होता आणि त्यांच्या खालच्या डाव्या दाढेला लावलेला चिमटा त्याच्या बोटांत होता, त्यामुळे त्याला शब्द न् शब्द ऐकू आला. तो हसला नाही. हसला असता तर हात हलला असता. पडद्यावर एकाहत्तर आकडा आला, तो त्याने वहीत लिहिला, चिमटा सोडवला आणि मगच म्हणाला, “झालं. आणि माशीला दात नसतात, मालूताई.”

“नशीबवान हाय,” मालूताई म्हणाल्या आणि जबडा चोळत आपल्या टेबलाकडे गेल्या.

नवीन पनवेलमधल्या रो-हाऊसच्या तळमजल्यावर हा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर तीन टेबलं, भिंतभर सुट्या भागांचे डबे, सोल्डरिंगचा वास आणि जिन्याखाली पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळत. वरच्या मजल्यावर घर. सव्वीस वर्षांपूर्वी रसायनीच्या एका कंपनीत मीटर दुरुस्त करणाऱ्या अविनाशची दाढ दुखली होती. डॉक्टरांनी ठोकून ठोकून विचारलं, इथे लागतंय? इथे? अविनाश इतका घाबरला होता की तो सगळीकडे हो म्हणाला, आणि चांगली दाढ काढून घेऊन घरी आला. “दाढ गेली, पण माणसाला धंदा मिळाला,” असं त्याची बायको सुमती पाहुण्यांना सांगायची. ते खरंच होतं. त्याने पहिलं यंत्र केलं ते दाताला अगदी हलका करंट देऊन पाहणारं. मुंग्या आल्या की पेशंटने हात वर करायचा. दुसरं, सुई मुळाच्या टोकाला पोचली की शिटी वाजवणारं. ते उरणपासून महाडपर्यंत खपलं. पण पेशंटचा हात त्याला खुपत राहिला. घाबरट माणूस आधीच हात वर करतो, शूर माणूस करतच नाही. पेशंटला काही विचारावंच लागू नये, असं यंत्र त्याला हवं होतं.

ते आता झालं होतं. कोविडमध्ये बोटाला लावायचा चिमटा घरोघरी पोचला, तसाच हा, फक्त दाताएवढा. एका बाजूने तांबडा उजेड टाकायचा, दुसऱ्या बाजूने तो वाचायचा. दाताच्या आत रक्त वाहत असेल तर नाडी दिसते, आकडा येतो. दात मेलेला असेल तर शून्य.

प्रत्येक यंत्र बाहेर जाण्याआधी दोनदा तपासलं जाई. जिवंत दात म्हणून मालूताईंची डावी दाढ. डावीच, कारण उजवीकडचे वरचे दोन दात त्यांना नव्हते. किडून गेलेला दात आणि मार लागून तुटलेला दात यातला फरक अविनाशला डोळे मिटून सांगता आला असता. मालूताई त्याच्याकडे पंधरा वर्षं कामाला होत्या. त्याने कधी विचारलं नव्हतं.

आणि मेलेला दात म्हणून काचेच्या लहान बरणीत, मिठाच्या पाण्यात ठेवलेली एक अक्कलदाढ. बरणीवर सुमतीच्या अक्षरात चिठ्ठी होती: शून्य.

ही दाढ मालूताईंनीच, शिटीच्या यंत्राची तपासणी चालायची तेव्हा, आणून दिली होती. “साहेब, तुमाला काढलेला दात पायजे ना? आमच्यांचा काढला काल.” आमचे, म्हणजे त्यांचे यजमान तुळशीराम. विचुंब्याचे, जासईच्या कंटेनर यार्डातून ट्रेलर चालवायचे. दाढ काढली त्यानंतर पंधरा दिवसांनी ट्रेलर रस्त्याच्या कडेला उभा सापडला, किल्ली लावलेली, जेवणाचा डबा उघडलेला. तुळशीराम नव्हते. याला साडेसात वर्षं झाली.

विचुंब्यात त्यांच्याविषयी बोलताना लोक ‘नाहीत’ म्हणत, ‘बाहेर आहेत’ म्हणत, फार तर ‘गेलेत’. गेलेत म्हणजे कुठे, इथपर्यंत ते वाक्य कोणी नेत नसे. आणि इकडे कारखान्यात रोज चार-पाच वेळा त्यांच्या दाढेला चिमटा लागत होता आणि अविनाश वहीत लिहीत होता, मृत, शून्य, बरोबर. यातली गंमत कोणाच्या लक्षात आली नव्हती. किंवा सगळ्यांच्याच आली होती.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्या दाढेला चिमटा लावला आणि पडद्यावर चौसष्ट आला.

अविनाशने यंत्र बाजूला ठेवलं. सदोष. दुसरं घेतलं. त्रेसष्ट. तिसऱ्याला पासष्ट. त्याने ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, मोबाइल वरच्या मजल्यावर पाठवला. मेन सप्लायची गुणगुण असेल म्हणून यंत्रं बॅटरीवर चालवली. बाहेरून ट्रेलर गेला की टेबल थरथरतं, म्हणून टेबलाच्या पायांखाली रबर घातलं. नव्या विमानतळाकडे उतरणारी विमानं घरावरून जायची, म्हणून दोन विमानांच्या मधली वेळ धरून मोजलं. दाढेभोवती काळा कागद गुंडाळला. मग डॉक्टरांकडून आणलेले दुसरे काढलेले दात तपासले, सगळे शून्य. काचेची कांडी, शून्य. खडू, शून्य.

फक्त ती एक दाढ. चौसष्ट.

मालूताई त्या दिवशी रजेवर होत्या. वकीलबाईंबरोबर पनवेल कोर्टात अर्ज दाखल करायला गेल्या होत्या.

त्या अर्जाचं असं होतं. सरकारने विचुंब्याची जमीन घेतली त्याच्या बदल्यात मिळालेला भूखंड तुळशीरामच्या नावावर होता. जाण्याच्या वर्षभर आधी त्याने धाकट्या भावाला, धर्मराजला, मुखत्यारपत्र करून दिलं होतं. तुळशीराम जिवंत आहे तोवर धर्मराजची सही चालणार होती, आणि धर्मराजने भूखंड बिल्डरला द्यायचं पक्कं केलं होतं. मालूताईंचं घरही त्याच भूखंडावर. सात वर्षं ज्याची खबर त्याच्या माणसांना लागली नाही, त्याला कोर्ट मृत धरू शकतं. तसं झालं तर मुखत्यारपत्र संपतं आणि भूखंडावर मालूताईंचा आणि त्यांच्या मुलीचा, प्राचीचा, हक्क येतो. साक्षीदार म्हणून एक बाहेरचा, शिकलेला, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस हवा होता. मालूताईंनी अविनाशला विचारलं होतं. त्याने लगेच हो म्हटलं होतं.

वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र टाइप करून पाठवलं होतं. त्यात एक वाक्य होतं: ‘गेल्या सात वर्षांत मी श्री. तुळशीराम यांना पाहिलेले नाही, तसेच ते हयात असल्याबाबत मला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणतीही माहिती मिळालेली नाही.’

अविनाश तीन आठवडे त्या ‘अप्रत्यक्ष’ शब्दापाशी येऊन थांबत होता.

मालूताईंना त्याने काही सांगितलं नाही. त्यांच्यासमोर शून्य तपासायला दुसरा दात वापरायला लागला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “शून्य बदललं?”

“जुना झिजला जरा.”

“दात झिजतो बरणीत?” मालूताई म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता वायर सोलायला लागल्या.

दाढ त्याने जिन्याखालच्या कपाटात ठेवली होती, चिमटा लावलेली, आणि यंत्र मिनिटामिनिटाचा आकडा साठवत होतं. आठवड्याने त्याने आलेख काढला. सकाळी साडेसहाला नाडी चढायची, जसं कोणी उठून कामाला लागावं. साडेबाराला थोडी चढ, मग दोन ते तीन एकदम खाली, पंचावन्न, छप्पन्न. चारनंतर पुन्हा वर. रविवारी सगळंच उशिरा.

हा कोणाचा तरी दिवस होता.

त्याने आलेख कामोठ्याच्या डॉक्टर निशाला पाठवला. त्याची यंत्रं ती पहिल्यापासून वापरत होती. दाढ कुठली, कोणाची, काही लिहिलं नाही. तासाभरात तिचं उत्तर आलं: ‘सर, सिग्नल सुंदर आहे! पेशंट मध्यमवयीन पुरुष वाटतो, दुपारी झोपतो, हाहा. दात एकदम जिवंत आहे. काढू नका.’

अविनाशने तो मेसेज सुमतीला दाखवला. सुमती वर मेथी निवडत होती. तिने चष्मा लावून वाचला, काढला, पुन्हा मेथी निवडायला लागली.

“फेकून द्या ना तो दात,” ती म्हणाली.

“फेकून काय होणार? मला कळलंय ते कळलंच आहे.”

“काय कळलंय? खारवलेली दाढ टकटक करते. तुमच्या मशीनचं काहीतरी असेल.”

“मशीनचं असेल तर साठ डॉक्टरांना मी बिघडलेली मशीन विकलीत. आणि मशीनचं नसेल…”

“नसेल तर?”

“तर मला सही करता येत नाही, सुमती. शपथेवर आहे ते.”

सुमतीने एक जुडी संपवली. “आणि उद्या तो दारात येऊन उभा राहिला तर?”

“तर बरंच की,” अविनाश म्हणाला.

सुमतीने मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिने देठं कागदात गोळा केली आणि उठून गेली.

पुढच्या सोमवारी धर्मराज आला. पांढरा शर्ट, बाहेर गाडी, हातात पेढ्यांचा बॉक्स. मालूताई आत सोल्डरिंग करत होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

“शेठ, तुमी शिकलेली माणसं,” तो खुर्ची ओढून म्हणाला. “भाऊ माझा जिता हाय. मन सांगतं माझं. आणि तुमी कागदावर लिवनार, नाय म्हणून? पाप लागंल ना.”

“मी अजून काही लिहिलेलं नाही.”

“तेच. लिवू नका. एक दिवस येईल तो. आल्यावर काय सांगाल त्याला? पेढा घ्या.”

अविनाशने पेढा घेतला नाही. त्याची नजर उघड्या राहिलेल्या कपाटाच्या दाराकडे गेली होती. आतला पडदा दिसत होता. एकसष्ट. धर्मराज भूखंडाविषयी बोलला, बिल्डरविषयी बोलला, भावाच्या मायेविषयी बोलला. एकसष्ट, साठ, एकसष्ट. दुपारी ओट्यावर टेकलेल्या माणसासारखा निवांत आकडा.

“साहेब, चहा ठेवू का पावण्यांना?” मालूताईंनी आतून विचारलं.

एकशे चार.

अविनाशला वाटलं, आपलं चुकतंय. धर्मराज उठला, “चहा नको, वयनीला कामं असतील,” असं मालूताईंकडे न बघता, छताकडे पाहून म्हणाला आणि गेला. आकडा हळूहळू उतरला. अठ्ठ्याऐंशी. शहात्तर.

“दूध संपलंय, घेऊन येते,” मालूताई म्हणाल्या.

एकशे नऊ.

त्यानंतरचे दोन दिवस अविनाशने दुसरं काही केलं नाही. मालूताई बोलल्या की तो आकडा लिहायचा. त्या सुमतीशी बोलल्या, नव्वद. फोनवर प्राचीशी बोलल्या, पंच्याण्णव. हसल्या, एकशे बारा. तो स्वतः बोलला, फरक नाही. सुमती बोलली, फरक नाही. रेडिओ लावला, फरक नाही. मालूताई नुसत्या दारातून आत आल्या, चप्पल काढून, अजून तोंडही उघडलं नव्हतं, तरी आकडा चढला.

त्याने हे सगळं नीट रकाने आखून लिहिलं. वाचलं. त्यातून काय निघतं ते त्याला कळेना. नाडी चढते ती आनंदाने चढते, रागाने चढते आणि भीतीनेही चढते. त्याच्या यंत्राला यातला फरक कळत नव्हता. पेशंटला काही विचारायचंच नाही, असंच तर ते केलं होतं.

बुधवारी दुपारी, सुमती भाजीला गेली असताना, मालूताईंनी हातातलं काम ठेवलं आणि त्याच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, उद्या तारीख हाय.”

“हो.”

“तुमी सही करत नाय.”

अविनाशने समोरची वही मिटली.

“धर्मा आला म्हणून?”

“नाही, नाही. तसं काही नाही, मालूताई. माझंच… मला जरा खात्री हवी होती.”

“कसली?”

तो उठला, कपाट उघडलं आणि यंत्र बरणीसकट टेबलावर आणून ठेवलं. चिमटा दाढेला होता. पडदा मालूताईंच्या समोर होता. शंभर.

मालूताईंनी चिठ्ठी वाचली. मग आकडा. मग बराच वेळ फक्त आकडा पाहिला. बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू झाली, गेली.

“कदीपासून?”

“तुम्ही कोर्टात गेलात त्या दिवसापासून.” मग त्याने आलेख पुढे केला. तो समजावायला लागला. “हे सकाळचं. हे जेवण असावं. इथे दोन ते तीन बघा, खाली येतं…”

“जेवून झोपतात ते,” मालूताई म्हणाल्या.

झोपतात. दोघांनाही तो शब्द ऐकू आला.

मालूताईंनी आलेखाची घडी घातली आणि पेनखाली ठेवली. पदराने कपाळ पुसलं. मग खुर्ची ओढली, तपासणीला बसायच्या तशा बसल्या आणि तोंड उघडलं.

“काय?” अविनाश म्हणाला.

“लावा. मला पण लावा.”

“कशाला पण?”

“लावा म्हणते ना.”

त्याने दुसरा चिमटा त्याच यंत्राला जोडला. त्यांच्या डाव्या दाढेला लावला. उजव्या बाजूच्या त्या दोन रिकाम्या जागा त्याला नेहमीसारख्या दिसल्या, आणि नेहमीसारखी त्याने नजर काढून घेतली.

“बगा की,” मालूताई म्हणाल्या. चिमट्यामुळे शब्द जाड येत होते. “पंधरा वर्सं बगताय. आज नीट बगा.”

त्याने पाहिलं.

“कशानं झालं, ते तुमाला ठाव हाय.”

“हो,” अविनाश म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला.

पडदा दोन भागांत होता. डावीकडे मालूताई, अडुसष्ट. उजवीकडे बरणी, एकशे सोळा.

मालूताई पुढे झुकल्या. बरणी दोन्ही हातांनी जवळ घेतली, फार जवळ, ओठ काचेला लागतील इतकी.

एकशे अठ्ठावीस.

डावीकडे अडुसष्ट.

नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून अविनाशने कधी ऐकलं नव्हतं. ते, प्राचीचे बाबा, आमचे. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी ते घेतलं असेल की नाही कोण जाणे.

“तुळशीराम,” त्या म्हणाल्या.

एकशे एकेचाळीस. यंत्राने बारीक शिटी दिली. अशी शिटी त्यात बसवल्याचं अविनाशला आठवेना.

अडुसष्ट.

“तू मेलास.”

आवाज चढला नव्हता, रडवेलाही झाला नव्हता. भात झाला का ते शिताने पाहून गॅस बंद करावा, तसं म्हटलं त्यांनी.

उजवीकडचा आकडा गेला. तिथे एक रेघ आली, सरळ.

अविनाशने चिमटा हलवून पाहिला. बॅटरी पाहिली. रेघ.

डावीकडे अडुसष्ट.

मालूताईंनी आपला चिमटा स्वतःच काढला, रीतसर स्पिरिटच्या कापसाने पुसला, जागेवर अडकवला. मग टेबलावरचा प्रतिज्ञापत्राचा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं.

“करा सही, साहेब,” त्या म्हणाल्या. “आता खोटं नाय.”